रेमिंग्टनवाल्यांत एकटी इनस्क्रिप्टवाली

काहीतरी चुकतंय हे सगळ्यात आधी माझ्या तर्जन्यांना कळलं.

सकाळी खुर्चीत बसले, नेहमीसारखे दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले, आणि बोटांना काही सापडेचना. ज्यांना न बघता टायपिंग येतं त्यांना हे कळेल. एफ आणि जे या दोन बटणांवर एकेक बारीक रेघ उठलेली असते. ती लागली की बोटं आपोआप जागेवर बसतात. त्या दिवशी रेघच नव्हती. दोन्ही बटणं गुळगुळीत. जिना उतरताना पायरी संपलीय हे कळल्यावर पाय कसा हिसका खातो, तसे माझे हात मागे आले.

"बापू, कीबोर्ड कोणी बदलला?"

बापू म्हणजे आमच्या सेंटरचे मालक. ते दारात उभे राहून कोणाला तरी हात करत होते.

"म्या बदलला. पुण्यावरनं आणला. बघ कसा गुळगुळीत हाय, धूळ बसायची न्हाई."

"अहो, पण याच्यावर रेघा नाहीयेत."

"रेघा कशाला पायजेत? तू काय आंधळी हायेस?"

माझी लिपिक-टंकलेखकाची लेखी परीक्षा तिसऱ्या खेपेला निघाली होती. राहिली होती फक्त टायपिंगची परीक्षा. ती झाली की सरकारी नोकरी, आणि नाही झाली की पुन्हा हीच खुर्ची. शिवऱ्यात हायवेच्या कडेला आमच्या अण्णांचं काकडी-पेरूचं दुकान आहे. तिथं गाडी थांबली की काकडीला तिखटमीठ लावता लावता अण्णा सांगायचे, "पोरगी लागल्यातच जमा हाय. टायपिंगच राहिलंय. ते तर ती रोजच करती."

वेल्ह्यात तहसील कचेरीसमोर आमचं ऑनलाइन कामाचं सेंटर आहे. दाखले, सातबारा, शिष्यवृत्ती, भरतीचे फॉर्म. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, तीन माणसं. अशा जागी किस्से जमवावे लागत नाहीत, कीबोर्ड उलटा करून झटकला की खाली पडतात. एकदा मी खरंच झटकला होता. भाताची शितं, स्टेपलरच्या पिना, बांगडीचा तुकडा, उदबत्तीची राख आणि कोणाच्या तरी पासपोर्ट फोटोतला एक कान. मैत्रिणी म्हणतात, तू सांगतेस तेव्हा हसून हसून पोट दुखतं. दुखत असेल. त्या तिथे नऊ ते सहा बसत नाहीत.

* * *

आधीचा कीबोर्ड कसा गेला ते सांगते.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकरी कोयता-विळा पुजतो, गॅरेजवाला पाने पुजतो, आम्ही कॉम्प्युटर पुजतो. बापूंनी मॉनिटरला झेंडूचा हार घातला, प्रिंटरला गंध लावलं आणि कीबोर्डवर हळदीकुंकू वाहिलं. इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी नारळ फोडला. फोडला तोही टेबलाच्या कडेवर. अर्धं पाणी वाटीत गेलं, अर्धं कीबोर्डात.

मी ओरडले. बापू म्हणाले, "वरडू नकोस, तीर्थ हाय ते."

दुसऱ्या दिवसापासून त्यातलं खोडायचं बटण आतच अडकून बसलं. तुम्ही लिहायचं आणि त्यानं मागून पुसत यायचं. बाहेर शिष्यवृत्तीच्या फॉर्मची रांग, शेवटची तारीख डोक्यावर. शेवटी मी तो कीबोर्ड काढून टाकला, स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र आणलं आणि माऊसनं एकेक अक्षर टिपत फॉर्म भरायला लागले.

चित्र सगळ्या रांगेला दिसत होतं. थोड्या वेळानं रांगच फॉर्म भरायला लागली.

"क वर जा, क वर. तिकडं कुठं चाललीस? उजवीकडं."

"आता काना. खाली हाय बघ, खाली."

"आवो, तिला सुचू द्या जरा."

"सुचायचं काय त्यात, माझ्या पोराचं नाव हाय ते."

बापूंनी तोवर कीबोर्ड घरी नेला. मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात, म्हणून त्यांनी तो इंद्रायणीच्या पोत्यात खोल खुपसला. चार-सहा दिवसांनी काढला तेव्हा बरीचशी बटणं चालत होती, खोडायचं सोडून. एक मात्र जागेवर नव्हतं. ते पुढच्या रविवारी बापूंच्या घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांच्या दाताखाली सापडलं. एफ ट्वेल्व्ह.

वहिनींनी ते धुऊन, पुसून, कागदात बांधून सेंटरवर पाठवलं. हे बटण नेमकं कशासाठी असतं हे आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता येईना, म्हणून आम्ही ते बसवलंच नाही. अजून ड्रॉवरमध्ये आहे. पाहुणे त्यानंतर बापूंकडे जेवायला आलेले नाहीत.

* * *

आमच्यातले तिसरे म्हणजे दारवटकर काका.

काका पूर्वी कचेरीच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसायचे. टाइपरायटर गेला, झाड गेलं, काका आत आले. सेंटरचं लायसन काकांच्या नावावर, लॉगिन काकांच्या नावावर. बापूंच्या नावावर फक्त बोर्डावरचा फोटो.

मराठी टायपिंगचे दोन पंथ आहेत, हे ज्यांचं नशीब चांगलं त्यांना माहीत नसतं. रेमिंग्टन म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी. इनस्क्रिप्ट म्हणजे नंतर कॉम्प्युटरसाठी केलेली. बटणं तीच, पण कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ते सगळं वेगळं. एका स्वयंपाकघरात दोन बायका, आणि प्रत्येकीचे मिठा-साखरेचे डबे वेगळ्या फळीवर. मी भोरला कॉलेजात असताना इनस्क्रिप्ट शिकले. काकांचं रेमिंग्टन.

रेमिंग्टनमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इनस्क्रिप्टमध्ये नंतर. यावरून आमचं रोज व्हायचं.

"ऋतुजा, आधी छत्री उघडायची, मग पावसात जायचं," काका म्हणायचे.

"काका, आधी माणूस तर येऊ द्या. छत्री कोणाच्या डोक्यावर धरायची?"

"म्हणून तर तुमची पिढी भिजती."

काका माझ्या कॉम्प्युटरवर बसले की मांडणी बदलायचे आणि तशीच सोडून उठायचे. मी बसायचे, दोन ओळी मारायचे, वर बघायचे तर पडद्यावर कुठल्या तरी दुसऱ्याच ग्रहावरचं पत्र! प्रत्येक वेळी काका म्हणायचे, "बघून मारावं की गं."

एकदा उलटं झालं. मांडणी माझी होती आणि घाईत काका बसले. समोर पासलीचे एक गृहस्थ, त्यांना प्रतिज्ञापत्र हवं होतं. काकांची सवय टाइपरायटरची. नजर छताला, बोटं तुफान. पानभर मारलं, न बघता प्रिंट दिली. त्या कागदावर एक शब्द मराठी नव्हता. कुठलाच नव्हता. गृहस्थांनी त्यावर अंगठा केला आणि ते रस्ता ओलांडून कचेरीत गेले.

माझ्या हातात नंतर दुसरी प्रत आली. मी धावत कचेरीत गेले, तर गृहस्थ निघून गेलेले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता येईल कोणीतरी, लायसन जाईल, पोलीस येतील. कोणी आलं नाही. आठवड्यानं गृहस्थच आले. हातात त्याच कागदाची झेरॉक्स, वर गोल शिक्का, खाली सही.

"काम झालं बरं का," ते म्हणाले. "साहेब म्हनले, कागद एकदम व्यवस्थित हाय."

मी काकांकडे बघितलं. काकांनी चष्मा पुसला.

"रेमिंग्टनच्या हाताचं वजनच वेगळं असतं," ते म्हणाले.

* * *

आता माझ्या फॉर्मचं.

आमच्या सेंटरला एक रीत आहे. स्वतःचा फॉर्म स्वतः भरायचा नाही. बापूंनी एकदा त्यांच्या ट्रॅक्टरचा फॉर्म स्वतः भरला होता, तो तीनदा परत आला. काका म्हणतात, आपलं नाव असलं की डोळा घाबरतो, चूक दिसत नाही. मलाही ते पटलेलं होतं. मी अर्ध्या तालुक्याचे फॉर्म भरते, पण माझ्या फॉर्मपुढे बसले की जन्मतारीखसुद्धा चुकते.

म्हणून भरतीचा माझा फॉर्म काकांनी भरला. मोठ्या प्रेमानं भरला. आधी हात धुऊन आले. माझ्या नावाचं स्पेलिंग तीनदा विचारलं. अण्णांचं संपूर्ण नाव घातलं. फोटो जरा उजळ करून लावला. भरून झाल्यावर पेढा दिला.

हॉल तिकीट आलं त्या सकाळी मी ते वरपासून खालपर्यंत वाचत गेले. नाव बरोबर. फोटो उजळ. केंद्र पुण्यात. आणि खाली, कीबोर्डची मांडणी: रेमिंग्टन.

माझ्या हातून चहा सांडला. कीबोर्डवर नाही, हे बापूंनी पहिल्यांदा बघून घेतलं.

"काका, हे काय?"

काकांनी वाकून बघितलं. त्यांना खरंच कळेना की मी कशाला बोट लावतेय. "बरोबर हाय की."

"मला इनस्क्रिप्ट येतं. रेमिंग्टन येत नाही मला."

"अगं, तिथं दोन-तीन नावं होती. मी चांगलं ते घेतलं."

"मला विचारायचं तरी!"

"विचारायचं काय त्यात? सरकारी नोकरीला रेमिंग्टनच शोभतं."

ते एवढं मनापासून म्हणाले की मला रडताही येईना. रडले असते तर त्यांनी अजून एक पेढा दिला असता.

मी फॉर्म उघडून बघितला. दुरुस्तीचं बटण तिथं होतं, पण करडं झालेलं. मुदत संपली की ते तसं होतं, दाबलं तरी काही होत नाही. काकांनी स्वतः बसून दाबून बघितलं. मग बापूंनी बघितलं.

"जोरात दाब," काका बापूंना म्हणाले.

"जोरातच दाबतोय. हा नवा कीबोर्डच नरम हाय."

ते माऊसनं दाबायचं असतं, हे सांगायचं माझ्यात त्राण नव्हतं.

हॉल तिकिटाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं: बदलासाठी हेल्पलाइनवर संपर्क साधावा.

* * *

"तवर शिकून घे," बापू म्हणाले. "काकांनी एवढं आयुष्य घालवलं त्याच्यात, तुला काय आठवडाभर जमायचं न्हाई?"

गुळगुळीत कीबोर्डावर मराठी अक्षरंच नव्हती. बापूंनी रेमिंग्टनच्या अक्षरांची स्टिकरं आणली आणि काकांनी ती देवाला फुलं वाहावीत तशी एकेक करून लावली. मी सरावाला बसले. काका मागे उभे. घाबरले की माझ्या हातांना घाम सुटतो. घामानं स्टिकरं सुटायला लागली. अक्षरं बटणांवरून बोटांवर, बोटांवरून कागदांवर. एका आजोबांच्या आधार कार्डावर 'ढ' गेला, तो त्यांच्या नातवानं आणून दिला.

त्याच संध्याकाळी घरी जायला एसटीत बसले. कंडक्टर तिकीट देता देता थांबला.

"ताई, तुमच्या कोपराला 'ळ' चिकटलाय."

मी दचकून हात झटकला. 'ळ' उडून पुढच्या सीटवरच्या बाईंच्या पदराला लागला. त्या नसरापूरला उतरून गेल्या. तेव्हापासून आमच्या सेंटरच्या कीबोर्डवर 'ळ' नाही, त्या जागी काकांनी बॉलपेननं ठिपका काढलाय.

पण खरं वाईट वेगळंच झालं. आठ-दहा दिवस मार खाऊन रेमिंग्टन मला जेमतेम रांगण्याइतकं आलं. म्हणून एका दुपारी, जरा बरं वाटावं म्हणून, मी माझी मांडणी लावली. माझी इनस्क्रिप्ट. म्हटलं, दोन ओळी वाऱ्यासारख्या मारू.

बोटं अडखळली. वेलांटी आधी पडली. पुसली, परत मारली, परत आधी पडली. डावा हात उजव्याची कामं करायला लागला. मी हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. जे येत नव्हतं ते आलं नव्हतं, आणि जे येत होतं ते गेलं होतं.

काका मागून आनंदानं म्हणाले, "वेलांटी आधी मारलीस. लागली की लाइनीला!"

* * *

हेल्पलाइन मी पहिल्या दिवसापासून लावत होते.

सेंटरमध्ये माझ्या मोबाईलला रेंज नसते. रेंज असते एसटी स्टँडच्या शेडमध्ये, तीही कडेच्या खांबाजवळ. रोज जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन खांबाला टेकायचे. आधी एक बाई सांगायची, मराठीसाठी एक दाबा. मी दाबायचे. मग ती सांगायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग बासरी. मग एसटी वळायची, खांबाजवळ धूर, आणि कॉल कट.

एके दिवशी खांबाजवळ आधीच कोणी बसलेलं. पासलीच्या चिंधाबाई. त्यांच्या पेन्शनचं काम अडलेलं होतं. सर्व्हर बंद असला की आम्ही सगळ्यांना ठरलेलं उत्तर देतो, वरूनच प्रॉब्लेम आहे, हेल्पलाइनला फोन लावा. मीच त्यांना ते सांगितलं होतं, आणि नंबर चिठ्ठीवर लिहून दिला होता. त्या कानाला मोबाईल लावून बसल्या होत्या. बासरी मला बाहेरपर्यंत ऐकू येत होती.

मला ओळखलं तशा त्या सरकल्या. "बस. तू पण त्येच्याकडंच का?"

"हो."

"काय म्हनतोय?"

"अजून कोणी उचलला नाही."

"माझाबी न्हाई. बासरी मातुर चांगली वाजवतो," चिंधाबाई म्हणाल्या. मग मोबाईल दुसऱ्या कानाला लावत, "तुझं काय अडलंय? तू तर हापिसातली."

मी सांगितलं, कीबोर्डचं आहे. मी शिकले एकावर आणि परीक्षा दुसऱ्यावर पडलीय. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे डावखुऱ्या बाईला उजव्या हाताचा इळा दिला म्हन."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कोणाला तरी काय झालंय ते कळलं होतं. आम्ही दोघींनी आपापल्या बासऱ्या ऐकत डबा खाल्ला.

* * *

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कामावर गेलेच ती रजा मागायला. दुपारी शेवटचा म्हणून फोन लावायला खांबाजवळ आले, तर काका माझ्यामागे आले. त्यांना काही दिवसांपासून करमत नव्हतं. मी त्यांना एका शब्दानं बोलले नव्हते आणि तेच त्यांना लागलं असावं. बापूही आले, एकटं सेंटरमध्ये बसून काय करायचं म्हणून. चिंधाबाई तिथं होत्याच.

काका म्हणाले, "स्पीकरवर टाक. कोणी उचललं तर मी बोलतो. चूक माझी हाय, मी सांगतो त्याला."

हे ते पहिल्यांदाच म्हणाले. मी फोन स्पीकरवर टाकला. एक दाबला. बासरी सुरू झाली. पानशेतची गाडी लागली, सुटली, धूर आला, गेला. कॉल कट झाला नाही. बासरी चालूच राहिली, आणि मग मधेच, कोणी मान धरावी तशी, बंद पडली.

"नमस्कार, बोला."

खरा माणूस होता. काहीतरी चावत होता. मी एवढी दचकले की मोबाईल निसटला. तो बापूंनी वरच्या वर झेलला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"सर, कीबोर्डची मांडणी बदलायची आहे. रेमिंग्टन पडलंय, मला इनस्क्रिप्ट हवंय. परीक्षा उद्या आहे, सर. उद्या सकाळी."

"घाबरू नका मॅडम. आसन क्रमांक?"

मी सांगितला. पलीकडे बटणं वाजली. एक बटण त्यानं पुन्हा पुन्हा दाबलं, मग जोरात ठोकलं. मी डोळे मिटले. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हां, दिसलं. होऊन जाईल. इकडून होत नाही ते, पण सेंटरवरून होतं. तुमच्या जवळचं सेंटर बघतो हं." पुन्हा बटणं. "वेल्हे. हे काय, तहसीलसमोरच आहे. दारवटकर म्हणून आहेत. त्यांच्याकडे जा, ते तुम्हाला बरोबर भरून देतील."

काकांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"चल," ते म्हणाले.